वजन ९० किलोच्या पुढे असेल तर लाटांवरचा विंडसर्फिंग बोर्ड कसा निवडावा, कसा जुळवावा

विंडसर्फिंगबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं, ते बहुतेक ७० ते ७८ किलोच्या माणसाला समोर ठेवून. बोर्डांचे तक्ते, चाचण्या, बोर्डासोबत डब्यात येणारी फिन्स (तळाला लावायचे पंख), सगळ्याचं माप तेच. मग ९५ किंवा १०५ किलोचा माणूस हेच तक्ते वाचतो आणि दोनपैकी एका खड्ड्यात पडतो. एक तर व्हिडिओतल्या खेळाडूसारखा ८२ लिटरचा बोर्ड (बोर्डाचं माप त्याच्या आकारमानाच्या लिटरमध्ये सांगतात) घेतो आणि वारा जरा पडला की छातीभर पाण्यात तरंगत बसतो. नाही तर दुकानदार त्याला १३० लिटरचा फ्रीराइड बोर्ड देतो, जो सपाट पाण्यावर सुंदर पळतो आणि पहिल्याच लाटेवर वळायचं नाकारतो. या दोघांच्या मधली जागा आहे आणि ती चांगली भरलेली आहे. क्वाट्रो, गोया, सेव्हर्न, जेपी, स्टारबोर्ड यांच्यासारख्या कंपन्या शंभर लिटरच्या वरचे, खरोखर लाटांसाठी घडवलेले बोर्ड काढतात. अंगाने मोठ्या माणसाने तिथेच शोधावं. आणि फक्त बोर्ड मोठा घेऊन थांबू नये. फिन, पाय अडकवायचे स्ट्रॅप, मास्ट म्हणजे शिडाची काठी, शीड, सगळंच एक घर वर सरकवावं लागतं.

मी लिहितोय ते पश्चिम ऑस्ट्रेलियाचा किनारा डोळ्यासमोर ठेवून. पर्थच्या आसपास उन्हाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दुपारी नैर्ऋत्येकडून समुद्री वारा सुटतो. इथले लोक त्याला ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात. १५ ते २५ नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), बराचसा भरवशाचा. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे समुद्राकडे पाहिलं की वारा डाव्या हाताने, किनाऱ्याला जवळजवळ समांतर येतो. पर्थ शहरासमोर रॉटनेस्ट बेट आणि बुडालेल्या खडकांच्या रांगा लाटेचा जोर खातात, म्हणून तिथे लाटा लहान. उत्तरेला लान्सेलिन आणि जेराल्डटन, दक्षिणेला मार्गारेट रिव्हर इथे लाट खरी उभी राहते. तुम्ही केपटाऊन, टेनेरिफ किंवा डेन्मार्कच्या क्लिटमोलरला असाल तरी हिशोब बदलत नाही, फक्त वाऱ्याचा आकडा तुमचा घाला.

आधी तराजू

कपडे काढून घरच्या काट्यावर दिसणारं वजन इथे कामाचं नाही. बोर्डावर उभं राहिल्यावर त्याला काय काय पेलायचं आहे ते मोजा. समजा तुम्ही १०० किलोचे आहात. भिजलेला वेटसूट आणि पाणी प्यायलेलं हार्नेस (शिडाची ओढ अंगावर घेणारा पट्टा) मिळून सुमारे ५ किलो. बोर्ड स्वतः, स्ट्रॅप आणि फिनसकट, साडेसात. शीड, मास्ट, बूम (हातात धरायचा आडवा दांडा), एक्स्टेन्शन (मास्टची लांबी वाढवणारा तुकडा) आणि मास्टफूट (मास्ट बोर्डाला जोडणारा सांधा) मिळून साडेनऊच्या घरात. झाले १२२ किलो.

एक लिटर आकारमान गोड्या पाण्यात एक किलो उचलतं. समुद्राचं पाणी जरा जड, म्हणून तिथे सुमारे १.०२५ किलो. १२२ ला १.०२५ ने भागलं की ११९ येतात. म्हणजे वारा शून्य असताना तुम्हाला जेमतेम वर ठेवायला ११९ लिटर लागतात. ११० लिटरचा बोर्ड घेतला तर सुमारे ९ किलो कमी पडतात. बोर्ड पाण्याच्या किंचित खाली जाईल, पण शिडात थोडा वारा असला की तुम्ही त्यावर उभे राहून हळूहळू पुढे सरकाल. ९५ लिटरचा घेतला तर तूट २५ किलोची. वारा पडताच पाणी गुडघ्याला लागतं, आणि किनाऱ्याजवळ फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यातून बाहेर निघणं तिथेच संपतं.

लाटांवर बोर्ड पूर्ण तरंगलाच पाहिजे असं नाही. तरंगणारा बोर्ड लाटेच्या तोंडावर कड रुतवू देत नाही. तूट हवी, पण किती, हे तुमच्या वाऱ्यावर ठरतं. माझा हिशोब असा: एकच बोर्ड घ्यायचा असेल आणि वारा बहुतेक दिवस १६ ते २२ नॉट असेल, तर नुसत्या अंगाच्या वजनाच्या आकड्यापेक्षा ५ ते १० लिटर जास्त. वारा नेहमीच २५ च्या वर असेल तर वजनाइतकेच किंवा ५ लिटर कमी. दोन बोर्ड परवडत असतील तर १०० किलोच्या माणसाला ११० च्या आसपास एक आणि ९५ च्या आसपास एक, असं जोडपं वर्षभर पुरतं. पहिला घेताना मोठाच घ्या. लान्सेलिनला वारा सुटायच्या आधीचा आणि मावळतीचा जो अर्धवट तास असतो, तेव्हा मोठा बोर्डवाला पाण्यात असतो आणि बाकीचे वाळूवर.

वॉटरस्टार्ट, म्हणजे पाण्यात असतानाच शीड वाऱ्याला लावून त्याच्या ओढीने बोर्डावर चढणं, पक्का झालेला नसेल तर मात्र अजून लाटांकडे जाऊ नका. शीड दोरीने ओढून वर घेऊन उभं राहायची सवय लाटांच्या पट्ट्यात उपयोगाची नाही. दोन लाटांच्या मधे तेवढा वेळच मिळत नाही.

लिटर सारखे, बोर्ड वेगळे

एकाच १०८ लिटरचे दोन बोर्ड शेजारी ठेवा आणि टेलकडून, म्हणजे मागच्या टोकाकडून, डोळा लावून पाहा. एकाची कड जाड, डब्यासारखी. दुसऱ्याचं सगळं आकारमान मधोमध साठवलेलं आणि कड हाताच्या मुठीत येईल इतकी उतरती. जड माणसाला दुसरा हवा. दुकानात बहुतेक जण रुंदी आणि रंग बघतात, कडेला हात लावत नाहीत. हात लावाच. मागच्या स्ट्रॅपच्या बाजूला कड चिमटीत धरून पाहा. वळणात हीच कड पाण्यात रुतणार आहे आणि ती जाड असेल तर तुमचं शंभर किलोही तिला खाली दाबू शकत नाही, वेग असेल तेव्हा तर नाहीच.

या आकाराच्या बोर्डांची रुंदी ६० ते ६५ सेंटिमीटर असते, लांबी साधारण २२५ ते २३५. रुंदीपेक्षा टेलची रुंदी जास्त बोलकी. ती टेलच्या टोकापासून एक फूट पुढे मोजतात. टेल फार अरुंद असेल तर मागच्या पायाखाली बोर्ड बसतो आणि पाण्यावर घसरायला, म्हणजे प्लेनिंगला, जास्त वारा मागतो. जड माणसाला याचा फटका सगळ्यात आधी बसतो. फार रुंद असेल तर वेगात टेल उसळते आणि मोठ्या लाटेवर कडेवरून निसटते. पर्थसारख्या छोट्या लाटा आणि मध्यम वारा असेल तर टेल रुंदीकडे झुकलेली घ्या, मार्गारेट रिव्हरसारख्या ठिकाणी अरुंदीकडे.

रॉकर म्हणजे तळाची नाकापासून शेपटीपर्यंतची कमान. सपाट रॉकर लवकर प्लेनिंग देतो, जास्त कमान घट्ट वळण देते. लाटेवर वेग लाटच देते, पण लाटेपर्यंत पोहोचवायचं काम बोर्डाचं असतं, आणि जड माणसाचा दिवस तिथेच जातो. म्हणून कॅटलॉगात ज्याला ‘वेगवान’ किंवा सर्व प्रकारच्या वाऱ्यासाठीचा वेव्ह बोर्ड म्हटलं आहे तो आधी बघा. निव्वळ मोठ्या, स्वच्छ लाटांसाठीचा बोर्ड दुसरा म्हणून घ्यावा.

‘फ्रीस्टाइल-वेव्ह’ किंवा ‘फ्रीवेव्ह’ नावाचे बोर्ड मोठ्या आकारात सहज मिळतात आणि स्वस्तही पडतात. लाटा कंबरेपर्यंतच्या असतील तर ते चालतात. डोक्याएवढ्या लाटेवर त्यांची सपाट टेल आणि एकच मोठं फिन जाणवतं. वर्षातले बहुतेक दिवस लाट कंबरेखालीच असेल तर मी स्वतः फ्रीवेव्ह घेईन. त्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही.

जुना घेताना

जड माणसाने जुना बोर्ड तपासताना दुप्पट काटेकोर व्हावं, कारण आधीच्या हलक्या मालकाखाली जे टिकलं ते तुमच्याखाली टिकेलच असं नाही. हे बोर्ड आतून थर्माकोलसारख्या हलक्या फोमचे असतात, वर पीव्हीसी फोमचा पातळ थर आणि त्यावर काच, कार्बन किंवा केव्हलरचं कापड. टाचा जिथे आदळतात तिथे हे थर आधी सुटतात.

टाचेच्या पॅडवर दोन्ही अंगठे ठेवून जोरात दाबा, आणि दाबत दाबत पुढच्या स्ट्रॅपपर्यंत या. निरोगी डेक, म्हणजे बोर्डाची वरची बाजू, कुठेही सारखाच कडक लागतो. एखाद्या जागी अंगठा किंचित आत गेला किंवा चुर्र असा बारीक आवाज आला तर तिथे थर सुटला आहे. बोटांच्या पेरांनी टकटक करा. भरीव जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी बोदा. मग फिनबॉक्स, म्हणजे फिन बसवायची खाच, तिच्याभोवतीची रेघ टॉर्च लावून पाहा. केसाएवढी चीर असेल तर फिन लावून बाजूला हलवा. चीर उघडझाप करताना दिसली तर बोर्ड तिथेच ठेवून घरी या. शेवटी बोर्ड काट्यावर ठेवा. कंपनीने दिलेल्या वजनापेक्षा तो दीड-दोन किलो जास्त भरला तर आत पाणी आहे किंवा दुरुस्त्या बऱ्याच झाल्या आहेत.

नवा घेत असाल आणि एकाच बोर्डाची दोन बांधणीत विक्री असेल, तर सर्वात हलक्याच्या मागे लागू नका. अर्ध्या किलोचा फरक तुम्हाला जाणवणार नाही, पण उडीवरून सपाट पाण्यात उतरताना डेकला तुमचं वजन जाणवतं.

फिन्स

इथे सर्वात जास्त फायदा आहे आणि सर्वात कमी लक्ष दिलं जातं. बोर्डासोबत आलेली फिन्स मध्यम वजनाच्या माणसासाठी असतात. जड माणूस मागच्या पायाने जास्त रेटा देतो, फिनला जास्त धरावं लागतं, आणि ते लहान असेल तर टेल अचानक बाजूला घसरते. मग माणूस आपल्या पायाला दोष देत बसतो.

तीन फिनांच्या मांडणीत, म्हणजे थ्रस्टरमध्ये, १०० ते ११५ लिटरच्या बोर्डाला आणि आपल्या वजनाला मधलं फिन १९ ते २१ सेंटिमीटर आणि बाजूची १० ते १२. चार फिनांच्या क्वाडमध्ये मागची दोन १५ ते १७, पुढची दोन ९ ते ११. क्वाड मोठ्या लाटेवर जास्त धरून ठेवतो. थ्रस्टर वाऱ्याच्या वर, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, चढायला आणि लवकर सुटायला, म्हणजे प्लेनिंगला, बरा. पर्थच्या वाऱ्यात मी जड माणसाला थ्रस्टरच सुचवेन. पाच बॉक्सचा बोर्ड मिळाला तर दोन्ही करून बघता येतं.

फिन विकत घेण्याआधी बॉक्सचा प्रकार बघा. मधला बहुधा यूएस बॉक्स, बाजूचे स्लॉट बॉक्स. फिनच्या बुडाचा आकार जुळला नाही तर फिन बसतच नाही. यूएस बॉक्समध्ये फिन पुढे-मागे सरकतं. मागे सरकवलं की बोर्ड सरळ, शांत आणि जोरकस होतो. पुढे सरकवलं की वळण घट्ट होतं पण पकड थोडी सुटते. सुरुवात बॉक्सच्या मध्यापासून अर्धा सेंटिमीटर मागे. लान्सेलिनच्या खडकांवर फिन घासलं गेलं तर त्याच्या कडा बोटाने तपासा. तिथला छोटासा तुटका दातही टेल घसरवतो. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून तो गुळगुळीत करा.

स्ट्रॅप

वेव्ह बोर्डाला तीन स्ट्रॅप, मागे मधोमध एकच. युरोपीय मापात ४५ नंबरच्या पुढचं पाऊल असेल तर स्ट्रॅपची भोकं रुंद अंतरावरची वापरा, नाही तर पाऊल दोन्ही बाजूंनी चिमटलं जातं आणि वळणात टाच उचलली जाते. पाऊल आत सरकवल्यावर पाचही बोटं पुढे दिसली पाहिजेत, पण स्ट्रॅप घोट्याकडे चढता कामा नये. फार सैल स्ट्रॅपमध्ये पाय आत घुसतो, पडताना तिथेच राहतो आणि घोटा मुरगळतो. जड शरीराचा पिळा त्या घोट्यावर येतो म्हणून हे हलक्यात घेऊ नका. रीफवर, म्हणजे पाण्याखालच्या खडकांवर, बूट घालणार असाल तर बूट घालूनच माप घ्या.

जागेचं म्हणाल तर पुढचे स्ट्रॅप मधल्या भोकांत ठेवा आणि मागचा पहिल्या काही दिवसांसाठी पुढच्या भोकात. मागचा पाय जितका मागे तितका टेलवर भार. सवय झाली की एकेक भोक मागे न्या. स्क्रूखाली स्ट्रॅप फिरू न देणारी दातेरी चकती असते. ती सरळ बसली आहे ना ते पाहा, नाही तर आठवड्यात स्ट्रॅप वाकडा होतो.

मास्टफूट आणि रिग

मास्ट ट्रॅकच्या, म्हणजे बोर्डावरच्या ज्या खाचेत मास्टफूट सरकतो तिच्या, बरोबर मध्यावर सुरुवात करा आणि त्या जागी मार्करने रेघ मारा. पुढे सरकवला की नाक खाली बसतं आणि खळबळत्या पाण्यात बोर्ड शांत होतो. मागे सरकवला की बोर्ड मोकळा होतो, वळतो, पण वाऱ्याच्या झोतात नाक उचलतं. एका वेळी एकच सेंटिमीटर.

शीड आपल्या वजनाला मोठं लागतं. ज्या वाऱ्यात ७५ किलोचा माणूस ४.७ चौरस मीटर लावतो, त्यात १०० किलोच्या माणसाला ५.७ च्या आसपास लागेल. मोठी लाट असेल तर थोडं लहान चालतं, कारण ओढण्यातला वाटा लाट उचलते. मास्ट कमी व्यासाचा, ज्याला आरडीएम म्हणतात तो, आणि कार्बनचं प्रमाण चांगलं असलेला. ४०० सेंटिमीटरच्या मास्टचा कडकपणा आयएमसीएस या मापात १९, ४३० चा २१. ५.३ च्या पुढच्या शिडाला दोन्ही चालत असतील तर जड माणसाने ४३० निवडावा. शीड झोतात जागेवर राहतं. शिडावर छापलेल्या मापाला मात्र आधी मान द्या.

बूम अॅल्युमिनियमचा असेल तर तो तुमच्या वजनाखाली वाकतो आणि प्रत्येक झोतात शिडाचा आकार बदलतो. पैसा एकाच जागी जास्त घालायचा असेल तर मी तो कार्बन बूममध्ये घालेन, बोर्डाच्या भारी बांधणीत नाही. बूमची उंची छाती आणि खांद्याच्या मधे. हार्नेस लाइन, म्हणजे हार्नेस अडकवायचे बूमवरचे दोर, ३० इंचापासून सुरू करा. हात लांब असतील तर ३२.

डाउनहॉल, म्हणजे शीड मास्टवर खाली ताणणारी दोरी, कमी ओढू नका. जड माणसाला ताकद हवी म्हणून लोक मास्टकडची ओढ सैल ठेवतात आणि शीड झोतात बेभान होतं. डाउनहॉल छापील मापाला, आणि ताकद हवी असेल तर मागची ओढ, आउटहॉल, दोन सेंटिमीटर सैल.

पाण्यात जुळवणं

पहिला दिवस मोठ्या लाटेचा नको. लान्सेलिनमध्ये रीफच्या आतल्या बाजूला सपाट पाणी आहे, बाहेर लाटा. आत अर्धा तास फेऱ्या मारा आणि मगच बाहेर जा. स्क्रूड्रायव्हर आणि फिनची किल्ली किनाऱ्यावर पिशवीत ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाही तर कशामुळे काय झालं ते कळत नाही.

नाक सतत उचलत असेल तर मास्टफूट एक सेंटिमीटर पुढे. बोर्ड पाण्याला चिकटल्यासारखा वाटून सुटत नसेल तर मास्टफूट मागे, बूम दोन बोटं वर. सरळ जाताना टेल घसरत असेल तर आधी फिनला शेवाळ अडकलंय का पाहा, मग फिन मागे सरकवा, मग मोठं फिन. लाटेवर वळण अर्ध्यात अडकत असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर मधलं फिन एक सेंटिमीटर लहान लावून बघा. यातलं काहीच जमलं नाही आणि वारा १५ च्या खाली असेल तर बोर्ड ठीक आहे, वाराच कमी आहे.

लाटा फुटतात तिथून बाहेर जाताना बोर्ड तुमच्या आणि येणाऱ्या लाटेच्या मधे कधीच येऊ देऊ नका. लाटेने ढकललेली बोर्डाची कड माणसाला बरगडीत लागते आणि तिथे तुमच्या वजनाचा काही उपयोग होत नाही. मागचा स्ट्रॅप आणि बूम धरून, बोर्डाच्या वाऱ्याकडच्या बाजूने चालत जा. कंबरेइतकं पाणी आलं की लाटांमधली फट बघून चढा. वारा पडला आणि उभं राहून सरकायची वेळ आली तर पुढचा पाय मास्टफूटच्या शेजारी आणा, भार शिडातून मास्टफूटवर टाका; टेलवर उभं राहिलात तर सव्वाशे लिटरचा बोर्डही बुडेल.

सुट्टीत घरी नेणार असाल तर

कोकणात आणि गोव्यात मार्च ते मे दुपारी वायव्येचा समुद्री वारा येतो, पण तो हलका असतो आणि लाट फारशी नसते. जड माणसाचा वेव्ह बोर्ड त्यात सुटत नाही. तिथे १४० लिटरचा सपाट पाण्याचा बोर्ड भाड्याने मिळाला तर तो घ्या. पावसाळ्यात लाटा प्रचंड असतात, पण वारा थेट किनाऱ्यावर आपटणारा, पाणी गढूळ आणि प्रवाह बेभरवशाचे. त्या महिन्यांत पाण्यात उतरू नका.

तरीही बोर्ड विमानाने न्यायचाच असेल तर आधी विमान कंपनीला लांबी कळवा. २३५ सेंटिमीटरची पिशवी सगळीकडे घेत नाहीत. आणि डेकवरचा हवेचा स्क्रू तपासा. तो आपोआप हवा सोडणारा असेल तर हात लावायचा नाही. हाताने उघडायचा असेल तर उड्डाणाआधी मोकळा करा, कारण वर हवेचा दाब कमी झाला की बोर्डातली हवा फुगते आणि डेकचे थर सुटू शकतात. उतरल्यावर तो घट्ट करताना खालची रबरी रिंग बोटाने फिरवून पाहा. ती तडकलेली असेल तर नवी घाला आणि मगच बोर्ड पाण्यात न्या.